गप्प बसलेला टॅपेट: १९८४ च्या ॲम्बेसेडरचं घरच्या घरी टॅपेट सेटिंग

गाडी आबांची. ॲम्बेसेडर मार्क फोर, १९८४ ची, पेट्रोल, १४८९ सीसीचं जुनं बीएमसी बी-सिरीज इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आबा गेल्यावर गाडी विकायची असं घरात तीनदा ठरलं आणि तिन्ही वेळा आईनंच मोडता घातला, त्यामुळं ती अजून शिवाजी पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाला पत्र्याखाली उभी असते आणि रविवारी बाहेर निघते. महिन्याला फार तर दीडशे-दोनशे किलोमीटर. मी काय मेकॅनिक नाय, कारकुनी करतो, पण ऑइल बदलणं, पॉइंट साफ करणं, प्लग बघणं एवढं आबांच्या हाताखाली शिकलेलो. टॅपेटला, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरची बारीक फट लावायच्या स्क्रूला मात्र कधी हात लावला नव्हता, आणि यंदा लावावा लागला तो दुसऱ्याच्या उपद्व्यापामुळं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

मार्चमध्ये आयडलिंगला टिकटिक यायला लागली. शिलाई मशीन लांबून ऐकू यावं तशी. पळायला गाडी एकदम व्यवस्थित. मी एका गॅरेजला नेली (नाव सांगत नाय, माणूस चांगलाय, घाई नडली), त्यानं टॅपेट कव्हर काढलं, इंजिन चालू ठेवलं, पेचकस आणि पाना घेऊन आवाजाच्या मागावर मधले टॅपेट जरा जरा पिळले, आवाज निम्मा झाला, कव्हर बसवलं, वीस मिनिटांत काम खल्लास. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पात्यांची जुडी, त्यानं खिशातनं काढलंच नाय. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाय, उलट मी खूश, आवाज कमी झाला म्हणजे बरं झालं असंच आपण धरून चालतो.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गाडी बिनसली. आयडलिंगला एकसारखी नाय, मधेच एक ठोका गाळल्यासारखी. गरम असताना बंद केली की परत चालू व्हायला नखरे. आणि रविवारी जोतिबाला जाताना केर्लीच्या पुढं जो चढ ती तिसऱ्या गिअरवर कुरकुरत का होईना चढायची, तिथं दुसरा टाकावा लागला, मागं आई, वहिनी आणि पुतणी, आई म्हणाली आबा चालवायचे तेव्हा असं कधी झालं नव्हतं. आता यावर काय बोलणार.

मग नेहमीचं सुरू झालं. कोण म्हणतंय कार्बोरेटर, कोण म्हणतंय पेट्रोलमध्ये पाणी. मी प्लग नवीन घातले, पॉइंटचा गॅप बघितला, कंडेन्सर बदलला. दोन रविवार गेले, फरक शून्य.

तिसऱ्या रविवारी आमच्या दोन घरं पलीकडचे तात्या आले. तात्यांची सगळी नोकरी उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या कारखान्यात गेली, कोल्हापूरच्या इंजिनांनी किती गावच्या विहिरी उपसल्यात त्याला गणती नाय, आणि त्यातली बरीचशी तात्यांच्या हाताखालनं टॅपेट सेट होऊन बाहेर पडलेली.

"काय करालायस रं?"

"मिसिंग हाय तात्या, प्लग बदलले, पॉइंट बघितलं, काय उपयोग नाय."

"चालू कर बघू."

मी चालू केली. त्यांनी कालच्या 'पुढारी'चा हातभर तुकडा फाडला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. कागद बाहेर फडफडायला पाहिजे, तो फडफडत होताच, पण मधे मधे चटकन पाइपाच्या तोंडाला चिकटायचा, परत सुटायचा, परत चिकटायचा.

"आत वडतोय बघ," तात्या म्हणाले. "प्लगाचं सोड आता. टॅपेट कुणी हलवलं काय मधी?"

मी गॅरेजचं सांगितलं. तात्यांनी कपाळाला हात लावला.

कागदाचं गणित असं. एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला धूर बाहेर सोडणारी झडप, पूर्ण बसत नसला तर त्या सिलिंडरचा पिस्टन खाली जाताना, म्हणजे इनटेकच्या (पेट्रोल-हवा आत घ्यायच्या) वेळी, कार्बोरेटरकडनं ओढतोच पण अर्धवट उघड्या एक्झॉस्टमधनं पण उलटं ओढतो, आणि तो झटका मागं पाइपाच्या तोंडापर्यंत पोचतो. ही काय पक्की परीक्षा नाय, नुसती दिशा कळते. पक्कं करायला कॉम्प्रेशन बघायचं, म्हणजे सिलिंडरात दाब किती धरतोय ते. गेज एका मित्राकडनं आणलं, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. पहिला सिलिंडर १२५ पौंड, दुसरा १२०, तिसरा ८५, चौथा १२०. तिसऱ्यात प्लगाच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघितलं, ९० वर गेला आणि थांबला. पिस्टनच्या रिंगा खराब असत्या तर ऑइलनं फट भरून आकडा चांगला चढला असता. चढला नाय म्हणजे गळती वरनं, व्हॉल्व्हमधनं.

घट्ट टॅपेट काय करतो

इथं जरा थांबून सांगतो, कारण मी स्वतः पन्नाशीला येईपर्यंत हे उलटंच समजत होतो. ह्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यावरनं पुशरॉड वर येतो, रॉकर आर्मचं एक टोक उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे मुद्दाम फट ठेवलेली असते, कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. ह्या इंजिनाला ती फट १५ थाऊ, म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा, मिलिमीटरमध्ये ०.३८, आणि ती इंजिन गरम असताना. फट जास्त झाली तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो, टिकटिक येते, व्हॉल्व्ह थोडा उशिरा आणि थोडा कमी उघडतो, झीज होते, पण सावकाश. फट संपली तर आवाज बंद आणि व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बसायच्या कडेवर, टेकतच नाय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड होतो तो मुख्यतः सीटला टेकल्यावर, उष्णता सीटमधनं हेडमध्ये जाते. टेकलाच नाय तर थंड कुठनं होणार, वर त्या फटीतनं पेटता गॅस जातो, आणि कडा जळते. एकदा जळली की मग सेटिंगनं काय होत नाय, हेड (इंजिनाचा वरचा भाग) खाली काढावं लागतं.

त्यात आमच्यासारख्या जुन्या इंजिनाचं आणखी एक दुखणं आहे. ह्यांची हेडं शिसंवाल्या पेट्रोलच्या जमान्यातली, सीट वेगळी कडक रिंग नसून बिडाच्या हेडमध्येच कापलेली. पेट्रोलमधलं शिसं त्या सीटवर पातळ थर धरायचं, तो उशीसारखा. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, हवेसाठी ते चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाय, पण ह्या हेडांची उशी गेली. आता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपटून आपटून सीटमध्ये हळूहळू रुतत जातो. रुतला की त्याची दांडी वर येते, दांडी वर आली की फट कमी. म्हणजे बाकी सगळीकडं झिजून फट वाढती आणि एक्झॉस्टला मात्र आपोआप आवळत जाती, त्यात कुणीतरी कानानं ऐकून आणखी पिळली तर आमच्यासारखं होतंय.

काम

सकाळी सातला, गाडी रात्रभर थंड. खरं सेटिंग गरमवर, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं गरम इंजिनावर हात भाजत शिकू नये असं तात्यांचं म्हणणं. आधी थंडवर सगळं बघायचं, लावायचं, मग गरम करून फेरतपासणी. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना विटा, कॉइलची मधली वायर काढलेली, प्लग बाहेर. प्लग काढले की इंजिन समोरनं घालायच्या हँडलनं अगदी हलकं फिरतं. हँडल माझ्या पुतणीकडं, दहावीची सुट्टी चालू होती. तात्यांनी तिला पहिलं काय सांगितलं असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाय. प्लग नसताना हँडल उलटं मारत नाय, पण सवय लागावी म्हणून.

कुठला व्हॉल्व्ह कधी बघायचा ह्याला 'नऊचा हिशोब' आहे. आठ व्हॉल्व्ह, रेडिएटरकडनं एक ते आठ मोजायचे. जो पूर्ण दाबला गेलाय, त्याचा नंबर नवातनं वजा करायचा, जो उरेल तो सेट करायचा. आठवा दाबलेला असताना पहिला, सहावा असताना तिसरा, चौथा असताना पाचवा, सातवा असताना दुसरा, आणि मग तेच उलटं. हँडलचे पूर्ण दोन फेरे झाले की आठही होतात. १, ४, ५, ८ हे एक्झॉस्ट, २, ३, ६, ७ इनटेक. पुतणी हँडल फिरवत फिरवत "सहा खाली, तीन बघ काका" असं ओरडायची, तिला हे इतकं आवडलं की दोन फेऱ्यांनंतर मी डोकं चालवणंच सोडून दिलं.

तात्यांची एक अट मात्र फार कामाची निघाली. पहिल्या फेरीला पाना हातात घ्यायचाच नाय. नुसतं मोजायचं आणि कागदावर लिहायचं. मोजायच्या आधीच हलवलं की काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाय. आमचा कागद असा: पहिला १३, दुसरा १५, तिसरा १५, चौथा ९, पाचवा शून्य, सहावा १५, सातवा १६, आठवा १२. पाचव्यात दोन थाऊचं पातं पण शिरेना. पाचवा म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट. ८५ पौंड तिथंच होते.

आणि बघा, चारही एक्झॉस्ट पंधराच्या खाली, इनटेक सगळे जागेवर. पहिला आणि आठवा त्या गॅरेजवाल्यानं हलवले नसणार, त्यानं मधले पिळले, चौथा आणि पाचवा. तरी ते पण १३ आणि १२. ते सीटमध्ये रुतलेले. म्हणजे सगळा दोष त्या माणसावर टाकून मोकळं होता येत नाय, मलाच इतकी वर्षं एकदा तरी मोजायला पाहिजे होतं.

सेट करताना गंमत अशी की स्क्रू बरोबर लावला, १५ चं पातं छान सरकलं, लॉकनट आवळला आणि परत बघितलं तर १२. नट आवळताना स्क्रूपण त्याच्याबरोबर थोडा फिरतो. एका हातानं पेचकस दाबून स्क्रू जागेवर धरायचा आणि दुसऱ्यानं रिंग पाना ओढायचा, आणि आवळल्यावर पातं घालून परत बघायचंच. पाचव्याला मला चार वेळा करावं लागलं. पातं किती सैल सरकलं पाहिजे हे लिहून सांगता येत नाय, तात्या म्हणाले "जड लागलं पायजे, अडकलं नाय पायजे", मग १४ चं घालून बघ आणि १६ चं घालून बघ म्हणाले, १४ सुळकन गेलं, १६ अडलं, म्हणजे १५ बरोबर. शिकायला हीच रीत बरी.

पाने इंची लागतात. मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाची कानं मारतो.

टिकटिक गेलीच नाय

प्लग लावले, वायर लावली, सेल्फ मारला. आयडलिंग एकदम सरळ, ठोका गाळणं बंद. आणि टिकटिक जशीच्या तशी, उलट आधीपेक्षा जास्त, कारण आता चौथा आणि पाचवा पण आपापल्या मापानं बोलायला लागले. माझा चेहरा पडला. आई दारातनं म्हणाली, "आवाज घालवायला बसला होतास न्हवं?"

लाकडी मुठीचा लांब पेचकस घेऊन टोक एकेका रॉकरच्या पायाशी आणि मूठ कानाला. तिसऱ्याला ठक ठक स्पष्ट. पण तिसऱ्याची फट कागदावर १५, परत घातलं तरी १५. माप बरोबर आणि आवाज लूजचा, हे कसं काय?

तात्या घरी गेले आणि जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेलं डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) घेऊन आले, चुंबकाच्या पायाचं. हेड बिडाचं असल्यामुळं पाय तिथंच चिकटला. गेजची सुई तिसऱ्या रॉकरच्या टोकावर, व्हॉल्व्हच्या बरोबर वर टेकवली आणि रॉकर हातानं वर-खाली हलवला. ०.३८ यायला पाहिजे होतं. आलं ०.५६.

"पातं खोटं बोलतंय," तात्या म्हणाले, आणि हसले.

झालं असं होतं की रॉकरचं जे टोक व्हॉल्व्हवर घासतं त्याला इतक्या वर्षांत व्हॉल्व्हच्या दांडीएवढी खळगी पडली होती. फिलर गेजचं पातं रुंद, ते खळगीच्या दोन्ही काठांवर आडवं टेकतं, ओढ्यावर टाकलेल्या फळीसारखं. फळीखाली किती पाणी आहे हे फळीला काय माहीत. पातं १५ दाखवणार आणि खाली खळगीचे ७ थाऊ वेगळेच, खरी फट २२. नंतर रॉकर हातात आल्यावर खळगीवर पट्टी ठेवून खालनं पातं घातलं, ७ चं बरोबर गेलं. नखानं पण काठ लागत होता. गॅरेजवाल्याला आवाज मधनंच येतोय हे बरोबर कळलं होतं, एका घरानं चुकला बिचारा.

तात्पुरता उपाय म्हणजे खळगीपेक्षा अरुंद पातं कापून माप घ्यायचं, किंवा डायल गेजवर १५ लावायचं. चालतं ते. पण खळगी तशीच राहिली तर वाढत जाणार, म्हणून रॉकर काढायचं ठरलं, आणि मी उत्साहात रॉकर शाफ्टचे नट सोडायला पाना लावला तेव्हा तात्यांनी मनगटच धरलं. ह्या इंजिनात रॉकर शाफ्टच्या ठोकळ्यांचे चार नट हे हेडचे पण नट आहेत. नुसते तेवढेच सोडले तर हेड एका बाजूनं ढिलं, एका बाजूनं घट्ट, हेड वाकडं ओढलं जातं आणि गॅस्केट गळायला लागतं. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी काढायचं, मग हेडचे सगळे नट क्रमानं थोडे थोडे सैल करायचे, मग शाफ्ट उचलायचा. टॅपेटच्या कामात हेडच्या नटाला हात लागतो हे ज्याला माहीत नाय तो टिकटिक घालवायला जाऊन तेलात पाणी करून बसणार. मी तर बसलोच होतो.

तिसरा रॉकर घेऊन सोमवारी संध्याकाळी उद्यमनगरात गेलो, तात्यांच्या ओळखीच्या एका ग्राइंडिंगवाल्याकडं. तिथं दोन गोष्टी बघितल्या. टोक सपाट घासायचं नसतं, त्याला मूळची गोलाई असते, कारण व्हॉल्व्ह दाबताना ते त्यावर लोळत जातं, ती गोलाई राखून खळगी संपेपर्यंतच घासायचं. आणि वरचा कडक थर फार जाड नसतो, तो निघून गेला तर नरम लोखंड महिन्यात परत खड्डा पाडणार. घासून झाल्यावर त्यानं बारीक कानस टोकाच्या कडेला ओढली, कानस काचेवरनं घसरावी तशी घसरली. "हाय अजून कडकपणा, घाला बिनधास्त." कानस चावली असती तर दुसरा रॉकर शोधावा लागला असता, आणि २०१४ ला ॲम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाल्यापासून असले सुटे भाग मिळाले तर मिळाले. बाकीच्या सात रॉकरना नख लावून बघितलं, दोघांना किंचित खूण, खळगी नाय. शाफ्टच्या तेलाच्या भोकातला काळा गाळ तारेनं काढला.

बसवताना हेडचे नट क्रमानं, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं). आणि त्यानंतर सगळं टॅपेट सेटिंग परत पहिल्यापासून, कारण हेड दाबलं गेलं की आधीची मापं कामाची नाय. मग रंकाळ्याला दोन चकरा मारून इंजिन पूर्ण गरम करून आलो आणि गरमवर तपासलं, दोन ठिकाणी किंचित फरक, तेवढा काढला.

माझी स्वतःची चूक एक राहिली, ती पण लिहितो. टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग जुनंच घातलं आणि गळू नये म्हणून वरचे दोन नट जोर लावून आवळले. कव्हर पत्र्याचं, ते दबलं, कॉर्क एका बाजूला बाहेर आलं आणि बिंदू चौकात सिग्नलला उभा असताना बॉनेटमधनं निळा धूर. तेल गळून गरम मॅनिफोल्डवर. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "भावा, पेटली काय?" नवीन कॉर्क, कव्हरची कड हातोडीनं सपाट केली, नट हातानं बसतील त्याच्यापुढं थोडेच. गळणं बंद.

कॉम्प्रेशन परत बघितलं. तिसरा सिलिंडर ११०. म्हणजे कडा थोडी खाल्ली गेली असणार पण जळलेली नाय, वेळेत सापडला. केर्लीच्या पुढचा चढ तिसऱ्या गिअरवर. टिकटिक आहे, बारीक, आठही एकसारख्या, आबांच्या वेळी होती तशीच, आता ती मला आवडते असं म्हणायला हरकत नाय.

ऑगस्टमध्ये, साधारण पाचशे किलोमीटरनंतर, परत कव्हर काढलं. पुतणी कॉलेजला, म्हणून हँडल मीच. आधीसारखंच, पाना न घेता, नुसतं मोजून कागदावर. सात व्हॉल्व्ह १५ च्या आसपास जागेवर, तिसरा डायल गेजवर पण बरोबर. पाचवा १३. पाचशे किलोमीटरात दोन थाऊ रुतला. तात्यांना कागद दाखवला, त्यांनी चष्मा वर करून बघितला, म्हणाले दिवाळीनंतर हेड काढूया, एक्झॉस्टला चारी कडक सीटा बसवून घेऊया उद्यमनगरात, तवर दर महिन्याला पाचवा बघायचा. पाचवा परत १५ केला, तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहिले, आणि फिलर गेज आता ग्लोव्ह बॉक्समध्ये आबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवलंय.